स्टेटसमधलं दुसरं वाक्य

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे. हैदराबाद गॅझेटियरच्या जीआरवरून, म्हणजे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या सरकारी निर्णयावरून, होस्टेलवर वाद झाला. रात्री रागात मी व्हॉट्सअ‍ॅपला दोन स्टेटस टाकले. पहिला : ‘हा जीआर कोर्टात टिकणार नाही, आमच्या ताटातलं काढून देताय.’ दुसरा : ‘उद्यापासून त्यांच्या मेसमध्ये कुणी जेवू नका, प्रॅक्टिकलला त्यांच्यासोबत बसू नका.’ स्क्रीनशॉट फक्त दुसऱ्याचा फिरला. सकाळी गेटवर पन्नासेक पोरं जमली. कॉलेजने ‘पुढील आदेशापर्यंत’ निलंबित केलंय, हॉल तिकीट देत नाहीत. पाचशेच्या बाँडवर ‘मी दोन समाजांत तेढ निर्माण केली’ असं लिहून दे म्हणतात. ठाण्यातून फोन आला, ‘येऊन सही करून जा.’ वडील म्हणतात, माफी माग अन् मोकळा हो. मला बोलायचा हक्क नाही का? परीक्षा बारा दिवसांवर आहे.

उत्तर : तुम्ही पत्रात आडनाव आणि जात दोन्ही लिहिलंय. मी छापत नाही. बीडच्या पोलीस अधीक्षकांनी २०२५ साली पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढायला लावलं, ते काही हौसेनं नाही. मला त्यातून एकच गोष्ट बघायची होती : समोरचा समाज अनुसूचित जाती-जमातीत मोडतो का? मोडत नाही. मोडत असता, तर बहिष्काराची धमकी हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, अटकपूर्व जामिनाची वाटही जवळपास बंद, आणि मी आज तुम्हाला पत्र लिहीत बसलो नसतो, थेट ऑफिसला बोलावलं असतं. कुणी २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याची भीती घातली तर घाबरू नका. तो जातपंचायतीनं आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे.

आता स्टेटस. पहिला तर कोणत्याही वकिलानं बाररूममध्ये चहा पिताना म्हणावा असा आहे. सरकारच्या निर्णयावर टीका, तीही कडवट, हा राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) चा गाभाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ३७० कलम हटवल्याचा दिवस ‘काळा दिवस’ म्हणून स्टेटसला ठेवला होता. उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला तो रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेनं. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या नजरेनं नव्हे, ही कसोटी तिथे लावली गेली. ती मुळात १९४६ च्या नागपूरच्या निकालातली.

दुसऱ्या स्टेटसबद्दल तुम्हाला बरं वाटेल असं मी सांगणार नाही. तिथे जीआर नाही, सरकार नाही. तिथे जातीवरून माणसांच्या ताटापासून लांब बसायला सांगितलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ नेमकं याच बोलण्यासाठी आहे : जातीच्या आधारावर दोन गटांत वैर वाढवणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. आणि आपल्या भागात ‘शांतता बिघडेल’ हे शब्द फक्त पुस्तकात राहत नाहीत. तुमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव येईल, त्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. फौजदार साहेब दचकले तर त्यांना पूर्ण चूक म्हणवत नाही.

तरी वाक्य वाईट असणं आणि गुन्हा सिद्ध होणं यात अंतर आहे. हेतू दाखवावा लागतो, आणि लिखाण तुकड्यानं नव्हे, सगळं मिळून वाचावं लागतं. २००७ च्या मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय. तुमच्या प्रकरणात तर तुकडाच फिरला. स्टेटस चोवीस तासांत जातो, म्हणून दोन्हींची मूळ प्रत आणि होस्टेलच्या ग्रुपवरचं आधीचं बोलणं जपून ठेवा. मोबाइल फॉरमॅट करायचा शहाणपणा कुणी शिकवला तर ऐकू नका.

बाँडवर सही करू नका. वडिलांना समजावून सांगा : पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण प्राचार्यांना लिहून दिलेला चालू शकतो. ‘तेढ निर्माण केली’ हे कलम १९६ चेच शब्द आहेत, म्हणजे कॉलेजवाल्यांनी तुमच्याकडून आयता गुन्हाच लिहून मागितलाय. माफी मात्र मागा. साध्या कागदावर, स्वतःच्या शब्दांत, फक्त दुसऱ्या स्टेटसबद्दल : रागात लिहिलं, तसं वागायला सांगणं चूक होतं, काढून टाकलंय. पहिल्याबद्दल एक अक्षरही नको.

खरी घाई हॉल तिकिटाची आहे. चौकशी न करता, बाजू न ऐकता ‘पुढील आदेशापर्यंत’ निलंबन टिकणं अवघड. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला पोस्टवरून अटक झाली, कॉलेजनंही काढून टाकलं. २७ मे ला उच्च न्यायालयानं तिला सोडायला सांगितलं, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू दिलं. तुमची परीक्षा विद्यापीठ घेतं, कॉलेज नाही. उद्याच दोन अर्ज करा, एक प्राचार्यांना आणि एक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला : निलंबनाचा आदेश लेखी द्या, बाजू मांडू द्या, तोवर हॉल तिकीट अडवू नका. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. क्लार्क ‘साहेब नाहीत’ म्हणाला तर स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहे, तिथेही तक्रार टाका. पण समितीला अहवालासाठीच कामाचे पंधरा दिवस मिळतात, तोवर तुमचे पेपर होऊन जातील. म्हणून चार दिवसांत हालचाल नाही झाली तर औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका. परीक्षेची तारीख बघून अशी प्रकरणं तातडीनं घेतली जातात. मात्र पोच नसेल तर पहिलाच प्रश्न येतो, ‘कॉलेजला मागितलं होतं का?’

राहिलं ठाणं. फोनवर बोलावलं म्हणून पळू नका आणि धावतही जाऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५ (३) ची, चौकशीला हजर राहण्याची लेखी नोटीस मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस आली की ठरल्या दिवशी नक्की जा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं. गुन्हा अजून दाखल नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालाचा उल्लेख करून अर्ज द्या : बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात म्हटलंय. ‘सही करून जा’ म्हणजे बहुतेक चॅप्टर केसचा, शांतता राखण्याच्या हमीचा कागद असेल. ती शिक्षा नव्हे, तरी वाचल्याशिवाय सही नको, पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरताना विचारतात. सोबत वडील आणि तालुक्याच्या वकील संघातला एखादा वकील असू द्या. तुमच्या समाजाचे पुढारी येतो म्हणतील, त्यांना गाडीतून उतरू देऊ नका.