कॅटलॉगमध्ये ‘शून्य निकाल’, पुस्तक मात्र कपाटात

ताई, मुलीला बी.ए.च्या अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्राचं मराठी पुस्तक हवंय, कॉलेजच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये पूर्ण नाव टाकलं तर शून्य निकाल येतो, आणि आता तुम्ही या उन्हात नागपूरच्या बर्डीवरची पुस्तकांची दुकानं पालथी घालायला निघालात. जरा थांबा. इथल्याच एका ग्रंथालयात मी बरीच वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्यात. पुस्तक बहुतेक तिथंच असेल.

पूर्ण नाव टाकूच नका. नोंद करणाऱ्याने ‘संख्याशास्त्र’ लिहिलं, ‘संख्या शास्त्र’ असं तोडलं की ‘सांख्यिकी’ लिहिलं, तुम्हाला काय माहीत? मशीनच्या लेखी तिन्ही निरनिराळे. तीच गत ‘भौतिकशास्त्र’ आणि ‘पदार्थविज्ञान’ची. मी स्वतः एका कपाटाच्या नोंदींत ‘हिन्दी’ असा अर्धा ‘न’ वापरला होता, बाकी सगळीकडे अनुस्वार. पोरं ‘हिंदी’ टाकायची आणि हात हलवत परत जायची. कित्येक महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

म्हणून नुसतं लेखकाचं आडनाव टाका. आडनाव देशपांडे-कुलकर्णी असेल तर सोबत विषयाचा एक शब्द. तरी नाही आलं तर तेच रोमन लिपीत टाकून पाहा, कारण जुन्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या कितीतरी नोंदी रोमनमध्येच आहेत. आणि अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधून नाव कॉपी करू नका. फॉन्ट जुना असला की दिसतं मराठी आणि चिकटतं भलतंच. हाताने टाइप करा.

एक तरी जवळपासचं पुस्तक सापडलं की त्याचा वर्गांक, म्हणजे पुस्तक कुठल्या कपाटात ते सांगणारा विषयाचा क्रमांक, बघा. ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, संख्याशास्त्र ५१९.५ ला बसतं, पण अर्थशास्त्राच्या वाटेने आलेलं पुस्तक ३३० च्या घरातही गेलेलं असतं. मुलीला म्हणावं, दोन्ही कपाटं डोळ्यांनी चाळ. शोधखिडकीपेक्षा ते लवकर होतं.

विकतच घ्यायचं ठरलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, जुळवा, मुखपृष्ठ नाही. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर क्रमांक तोच राहतो, सुधारित आवृत्तीला नवा मिळतो. मी एकदा कव्हर बघून मागवलं आणि आलं जुन्या अभ्यासक्रमाचं. दुकानदार परत घेईना. भारतातल्या पुस्तकांचा क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहाच अंक असतात, शेवटी कधी एक्स. त्याच्यापुढे नुसतं ९७८ जोडून चालत नाही. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, तेरा अंकांत तो नव्या हिशेबाने निघतो.

बारावीपर्यंतचं असतं तर एवढा खटाटोप नव्हता, बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट उतरवता येतात.

आणि हो, मुलगी ग्रंथालयात जाईल तेव्हा वर्गांक कागदावर लिहून द्या. पुस्तक ‘इश्यू’ झालंय का, तेही आधी स्क्रीनवर पाहू द्या. काउंटरवर येऊन ‘ते निळ्या कव्हरचं द्या ना’ म्हणणारी पोरं मी रोज पाहिलीत; आमच्याकडे निळ्या कव्हरची दोन कपाटं भरून होती.