हात थांबलाय म्हणून लाइन बदलू नकोस

प्रश्न : मी पुण्यात बी.एफ.ए. (चित्रकलेची पदवी) पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर इचलकरंजीला. वडील यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवतात. आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड होती. दिवाळीनंतर कॉम्पोझिशनच्या (चित्ररचनेच्या) वर्गात सर म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण यात तू कुठे आहेस?" तेव्हापासून कॅनव्हाससमोर बसलं की हातच चालत नाही. मोबाइलवर रेफरन्स शोधता शोधता रात्र होते. बाबा म्हणतात, जमत नसेल तर यूआय डिझाइनचा (ॲप-वेबसाइटच्या स्क्रीनची मांडणी) कोर्स कर. एका क्लासने सीटसाठी ॲडव्हान्स मागितलाय. कॉलेज सोडू का? सोबत दोन चित्रांचे फोटो पाठवते आहे. (नाव छापू नये.)

उत्तर : कॉलेज सोडू नकोस. यूआय डिझाइन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुला त्यात गोडी असती तर मी वेगळं लिहिलं असतं. पण तुझ्या पूर्ण पत्रात त्या कामाबद्दल एक ओळ नाही, आहे ती फक्त इथून सुटायची घाई. अशा घाईत घेतलेले प्रवेश पुढे फार जड जातात.

आता मुद्द्याचं. शाळेपासून तू जी चित्रं काढलीस त्यांचा विषय प्रत्येक वेळी दुसऱ्याने दिलेला होता. वस्तुचित्रात समोर तांब्या आणि फळं मांडलेली, स्मरणचित्राला विषय छापून आलेला, संकल्पचित्राला आकार ठरलेला. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत, सीईटीतही हेच. पहिल्या दोन वर्षांत मॉडेल समोर बसलेलं, स्टिल लाइफ सरांनी लावलेलं. तू दिलेलं काम चोख करत आलीस. आणि तिसऱ्या वर्षाला अचानक कुणी विचारतं, तू कुठे आहेस? विषय स्वतः निवडायची सवय तुला कुणी लावलीच नाही, मग हात अडणारच. तुझं ड्रॉइंग कुठेही गेलेलं नाही.

सरांचा प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचं उत्तर आधी डोक्यात तयार करायचं आणि मग ब्रश उचलायचा, असं तू करायला बघते आहेस. ते तसं होत नाही. पन्नासेक कागद काढून झाल्यावर मागे वळून पाहिलं की त्यातलं काय आपलं आहे ते दिसायला लागतं.

तुझे दोन्ही फोटो मी मोठे करून बराच वेळ पाहिले. मंडईचं मोठं कॉम्पोझिशन नीटनेटकं आहे, पण त्यातली माणसं मोबाइलमधून आलेली आहेत हे लगेच कळतं. भाजीवालीच्या हातातल्या तराजूला वजनच नाही. दुसरं वहीच्या पाठकोऱ्या पानावरचं, आई कांड्या भरताना. 'हे असंच, टाइमपास' असं तू त्याखाली लिहिलंस. त्यात आईच्या अंगठ्याची रेघ तू इतक्यांदा खोडली आहेस की तिथे कागदाची लव उठली आहे. सूत अंगठ्याखालून सरकताना बोट जेवढं वाकायला हवं तेवढंच वाकलंय. तिथे तू खरोखर पाहिलं होतंस. याचा अर्थ आता गावाकडची आणि मागावरची चित्रं काढ, असा घेऊ नकोस. तशी गोड चित्रं पुष्कळ होतात. हॉस्टेलची बादली घेतलीस तरी चालेल, फक्त ती इतक्याच चिकाटीने पाहा.

पुढचे पंधरा दिवस कॅनव्हास बंद. ताणलेल्या महागड्या कॅनव्हाससमोर हात आखडतो, त्यात पैसे बाबांचे. साधा कार्ट्रिज पेपर घे, क्वार्टर इंपिरियलपेक्षा (साधारण ११ x १५ इंच) मोठा नको. एकच वस्तू किंवा एकच जागा, एकच माध्यम. चारकोल घेतलास तर चारकोलच. सकाळी वर्गाआधी तासभर. मोबाइल दुसऱ्या खोलीत, रेफरन्स अजिबात नाही. कागद झाला की तारीख घालून पालथा ठेवायचा, चांगला की वाईट हे त्या दिवशी ठरवायचं नाही. पंधराव्या दिवशी सगळे भिंतीला लाव आणि त्यातले तीनच निवड. त्या तिन्हींवरून छोटे थंबनेल, म्हणजे चिमुकले कच्चे आराखडे, आणि मग कॅनव्हास. पहिले चार-पाच दिवस फार कंटाळवाणे जातील. त्या कंटाळ्याला घाबरू नकोस, वस्तूकडे नीट बघणं बहुधा त्यानंतरच सुरू होतं.

सोबत एक वही ठेव. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या डायऱ्या कधी पाहायला मिळाल्या तर जरूर पाहा. वस्तू, आकार, अवकाश यांबद्दलचे विचार ते लिहून आणि रेखाटून ठेवत. तुला त्यांचं आणखी एक सांगायला हवं. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर १९६१ मध्ये ते हातमागासाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आधी वाराणसी, मग मुंबई, आणि सुमारे दोन दशकं कापडासाठी डिझाइनचं काम करता करता चित्रं काढत राहिले. नोकरी की पेंटिंग, असं एकच काहीतरी निवडायची सक्ती तुझ्यावरही नाही. आणि मागाच्या घरातून आलेल्या मुलीला टेक्स्टाइल डिझाइनची वाट माझ्या मते यूआयपेक्षा जवळची आहे.

अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत, हे तुमच्या वर्गात कुणीतरी सांगितलं असेलच. त्याचा आधार घेऊन स्वस्थ बसू नकोस, त्या थांबण्यामागे अनेक वर्षांचं काम होतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं बंद झाले, तेव्हा ते कागदावर शाईने लहान कामं करत राहिले. मोठं जमत नाही त्या काळात लहान करायचं.

हे पत्र बाबांनाही वाचून दाखव. बाबा, मागावर कापड निघालं नाही तर मजुरी बुडते, त्यामुळे कोरा कागद पाहून तुमच्या पोटात गोळा येतो, हे मी समजू शकतो. पण 'आज काय काढलंस?' हे पंधरा दिवस विचारू नका. पैशांची जी चिंता आहे ती मात्र तिच्यापाशी स्पष्ट बोला, ती मोठी झाली आहे.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, चित्रच काय पण मैत्रिणींशी बोलणंही नको वाटत असेल, तर ही गोष्ट चित्रकलेपुरती राहिलेली नाही. तेव्हा डॉक्टरांना भेट, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. तिथे मराठीत बोलता येतं.

कोर्सबद्दल शेवटचं. आता सोडलंस तर हातात पदवी नसेल. चौथं वर्ष पूर्ण करताना आयआयटी मुंबई घेते ती सीईईडी ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा देता येते, त्यातून एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं आणि यूआयकडे जायचा रस्ताही तिथूनच निघतो. त्या परीक्षेत ड्रॉइंगला मार्क असतात, म्हणजे तुझं आत्ताचं काम तिथेही उपयोगी पडेल. तेव्हा त्या क्लासला ॲडव्हान्स भरू नका. पंधरा दिवसांनी निवडलेले तीन कागद आणि ते वहीचं पान सरांना दाखव, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.