भट्टीत उतरणारा मुलगा: काम सोडवावं की शिकू द्यावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा २१ वर्षांचा, फिटर ट्रेडचा आयटीआय झालेला. गेले अकरा महिने मच्छेच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, कंत्राटदाराकडे कामाला जातो. लोखंड वितळवायच्या भट्टीचं आतलं लायनिंग झिजलं की ते फोडायचं, डागडुजी करायची, वेळ आली की नवं भरायचं, हे त्याचं काम. ताई लिहितात, "शिकूनसवरून भट्टी लिंपतो म्हणून भावकीत बोलतात. घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्या असतात. कागलला धाकटे दीर आहेत, ते गोडाऊनमध्ये कायमचं काम लावतो म्हणतात. मुलगा म्हणतो, मला हेच आवडतंय. काय करू?"

ताई, नमस्कार.

भावकी बोलते आणि भुवया पांढऱ्या असतात, या दोन गोष्टी तुम्ही एका दमात लिहिल्या आहेत. मी त्या वेगळ्या करतो. भावकीचं सोडून द्या. भुवयांची काळजी मात्र आजपासूनच करायला हवी. कागलला पाठवायची घाई करू नका, असं माझं मत आहे. पण ती पांढरी पूड काय आहे आणि फौंड्री तिच्यासाठी काय करते, हे कळल्याशिवाय त्याला तिथं राहूही देऊ नका.

आधी त्याचं काम समजून घ्या. तुम्ही घरी चूल घातली असेल. चूल घातल्या घातल्या कोणी मोठा जाळ करत नाही. आधी सावलीत वाळवतो, मग काटक्यांचा बारीक जाळ, मग हळूहळू लाकडं. घाई केली की तडा जातो. आणि जुन्या चुलीची खपली निघाली तर कोरड्यावर माती थापून चालत नाही. सुटलेलं खरवडायचं, पाणी मारायचं, मग लिंपायचं. तुमचा मुलगा हेच करतो. फरक एवढाच की त्याच्या चुलीत १४५० ते १५०० अंशांचं वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असतं.

आपल्याकडे बहुतेक फौंड्र्यांत आता विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. नळीतून थंड पाणी फिरत असतं. कॉइलच्या आत पातळ लोखंड. या दोघांच्या मधे असतं ते फक्त लायनिंग. लहान भट्टीत त्याची जाडी चार-पाच बोटं. लोखंड ते भेदून कॉइलपर्यंत पोहोचलं आणि नळी फुटली तर पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर. वितळलेल्या लोखंडाखाली असं झालं तर तो स्फोटच असतो. म्हणजे भट्टीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचा जीव तुमच्या मुलाने भरलेल्या त्या चार बोटांवर असतो. याला कोणी नुसतं लिंपण म्हणत असेल तर त्याने भट्टी पाहिलेली नाही.

भरायची वस्तू दिसायला साधी. गारगोटीची, म्हणजे सिलिकाची, जाडी-बारीक ठरवून मिसळलेली कोरडी पूड. तिला रॅमिंग मास म्हणतात. तिच्यात एक टक्क्याच्या आसपास बोरिक अ‍ॅसिड असतं. भट्टीच्या मधोमध पत्र्याचा फॉर्मा उभा करून त्याच्या आणि कॉइलच्या मधल्या फटीत ही पूड थराथराने ओतायची, प्रत्येक थरातली हवा काढून ठोकत जायचं. एका थरात हात ढिला पडला तर तिथंच पुढं लोखंड शिरतं. मग तापवणं. ५७३ अंशांना सिलिकाचे कण एकदम फुगतात, म्हणून तिथं सावकाश जावं लागतं. शेवटी नेहमीच्या कामापेक्षा थोडं जास्त तापमान देऊन काही वेळ धरून ठेवायचं, म्हणजे आतला थर भाजून दगडासारखा होतो. त्याच्या मागचा थर अर्धवट भाजतो आणि कॉइलजवळचा मुद्दाम पुडीसारखाच राहतो. पुढच्या थराला तडा जाऊन लोखंड आत शिरलं तर ही मागची पूड तिथल्या तिथं भाजून त्याची वाट अडवते. ज्याने हे शोधून काढलं त्याला माझा नमस्कार आहे.

डागडुजीत तर याहून जास्त डोकं लागतं. लायनिंग सगळीकडं सारखं झिजत नाही. वर जिथं स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी, तरंगतो तिथं खाचा पडतात, खाली तळ आणि भिंत मिळतात तो कोपरा खाल्ला जातो. का, हे ओळखणारा माणूस फौंड्रीला सोन्यासारखा. गंजलेला भंगार माल टाकला की गंज आणि सिलिका मिळून १२०० अंशांच्या आसपासच वितळणारा स्लॅग तयार होतो, आणि तो भिंत खात सुटतो. गरजेपेक्षा जास्त तापवून लोखंड भट्टीत धरून ठेवलं की बिडातला कार्बनच सिलिका खातो. वर भंगार अडकून पूल बांधला गेला आणि खालचं लोखंड एकटंच तापत राहिलं तर एका पाळीत लायनिंगची वाट लागते. मँगनीज जास्त असलेलं पोलाद करायचं असेल तर सिलिकाचं लायनिंग चालतच नाही, मॅग्नेशियाचं किंवा तसलं दुसरं लागतं. डाग कुठं पडला हे कोणीही दाखवेल. तो तिथंच का पडला, आणि नुसतं पॅचिंग करून भागेल की सगळं फोडून नवं भरावं लागेल, हे सांगायला वर्षं लागतात. एक तृतीयांश जाडी गेली की नवं भरायचं, असा साधारण नियम आहे. पण उत्पादनाचा रेटा असतो तेव्हा "आणखी दोन हीट काढू", म्हणजे आणखी दोनदा भट्टीभर लोखंड वितळवू, म्हणणारे पुष्कळ असतात. त्या वेळी जो मोजपट्टी दाखवून नाही म्हणू शकतो तो खरा लायनिंगवाला. तुमचा मुलगा "मला हेच आवडतंय" म्हणतो ते मला पटतं. विशीतल्या मुलांना आपलं काम आवडतंय, हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळत नाही.

आता भुवया.

ती पूड सिलिकाची आहे. जुनं लायनिंग फोडताना तिचा धुरळा उडतो. त्यातले डोळ्यांना दिसणारे कण फार नुकसान करत नाहीत, ते नाकात अडकतात. न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथं व्रण करतात. याला सिलिकोसिस म्हणतात. तो हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो आणि एकदा झाला की बरा होत नाही. शिवाय अशा माणसाला टीबी लवकर धरतो.

माझे थोरले मामा तरुणपणापासून उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत होते. तेव्हा कुपोला, म्हणजे कोळशावर चालणारी उभी भट्टी, असायचा. आदल्या दिवशीचा कुपोला गार झाला की सकाळी आत शिरून चिकटलेला स्लॅग छिन्नीने पाडायचा आणि झिजलेल्या विटांवर फायरक्लेचा गिलावा मारायचा, हे मामांचं काम. तोंडाला पंचा. पुढं दम लागायला लागला, तर चार वर्षं टीबीची औषधं घेतली. मग एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "तुम्ही काम काय करता?" तोवर हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि आम्हा घरच्यांनाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. मामा ५३ व्या वर्षी गेले. म्हणून ताई, मी तुम्हाला एवढ्या कळकळीने लिहितो आहे. ओला पंचा बांधला की झालं, असं तिथले जुने लोक मुलाला सांगतील. प्रेमानेच सांगतील. पण बारीक धूळ पंचा अडवत नाही.

तर फौंड्रीत काय आहे हे मुलाला विचारा. लायनिंग फोडताना धूळ ओढून घेणारा पंखा-पाइप आहे का? फोडण्याआधी पाण्याचा फवारा मारतात का, आणि मारला तर नवं भरण्याआधी सगळं पूर्ण कोरडं करतात का? या कामात ओल राहणं हाही धोकाच आहे. काही ठिकाणी जुनं लायनिंग तळातून हायड्रॉलिकने एकदम ढकलून बाहेर काढायची सोय असते, मग आत उतरून ब्रेकर चालवावाच लागत नाही. तसं असेल तर उत्तम. मास्क निदान एन-९५ तरी हवा, आणि तो कंपनीने द्यायला हवा. मुलाने दाढी ठेवली असेल तर काढायला सांगा, दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. कामाचे कपडे तिथंच बदलून, अंघोळ करून घरी यायची सोय आहे का? पांढऱ्या भुवयांनी तो घरी येतो, म्हणजे ही सोय नाही किंवा तो वापरत नाही. ते कपडे तुम्ही झटकू नका, पाण्यात भिजवा.

आणखी एक. तो कंत्राटदाराकडे आहे. त्याच्या नावाने ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरला जातो का हे बघा. पगाराच्या ०.७५ टक्के त्याचे कापले जातात आणि ३.२५ टक्के मालकाने भरायचे असतात. सिलिकोसिस हा ईएसआयच्या यादीतला कामामुळं होणारा आजार आहे, म्हणजे नाव नोंदलेलं असेल तर पुढचे हक्क मिळतात. कंत्राटदार "एका लायनिंगचे इतके" असा रोख हिशोब करत असेल आणि कागदावर मुलगा कुठंच नसेल, तर हे मी सगळ्यात वाईट समजतो. आत्ताच एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करतात ती फुप्फुसाची तपासणी करून घ्या आणि ते कागद जपून ठेवा. पुढं दरवर्षी करायची.

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं "नाही" आली, तर महिनाभरात तिथून काढा. फौंड्री सोडू दे, काम सोडायची गरज नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, आणि पलीकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इतक्या भट्ट्या आहेत की लायनिंग येणाऱ्या पोराला दुसरीकडं दार उघडं असतं. दीर कागललाच आहेत, तर त्यांना गोडाऊनऐवजी चांगली फौंड्री बघायला सांगा.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात लिहितो. फिटर दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यामुळं कर्नाटकात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट त्याला खुली आहे. मेकॅनिकल मिळाला तरी चालेल, मेटलर्जी मिळाला तर फारच छान. डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फौंड्री हाच विषय घेऊन शिकायचं तर रांचीला १९६६ पासून याच कामासाठी काढलेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिचं आधीचं नाव निफ्ट, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फौंड्री अँड फोर्ज टेक्नॉलॉजी. कपड्यांच्या डिझाइनचं निफ्ट वेगळं, त्यात गोंधळ करू नका. घरची परिस्थिती लगेच शिकायची नसेल तर एक-दोन वर्षं काम करून मग डिप्लोमा केला तरी बिघडत नाही. उलट अशा मुलाला वर्गात शिकवलेलं जास्त कळतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनची शाखा बेळगावात आहे. तिथल्या व्याख्यानांना जाऊन बसू दे. पहिल्यांदा निम्मं कळणार नाही, तरी जाऊ दे.

आणि आजपासून एक वही करायला सांगा. लायनिंग कोणत्या तारखेला भरलं, कोणत्या कंपनीचा मास, किती पोती, तापवायला किती तास दिले, किती हीट निघाल्या, कमाल तापमान किती गेलं, भट्टी गार झाल्यावर कुठं किती मिलिमीटर झीज. मराठीत लिहू दे, भाषेचं काही नाही. अशा दहा-बारा लायनिंगच्या नोंदी झाल्या की ६० हीटला गेलेलं आणि १०० हीटपर्यंत टिकलेलं लायनिंग यात काय फरक होता, हे त्याला स्वतःलाच दिसायला लागेल. मुलाखतीला ती वही घेऊन गेलेला मुलगा आणि नुसतं "अनुभव आहे" म्हणणारा मुलगा, यात मालक कोणाला घेईल हे मी सांगायला नको.

हे काम फौंड्रीपुरतं नाही, हेही भावकीला सांगा. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक भागातल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरला आतून विटा आणि कास्टेबल, म्हणजे उष्णता सोसणारं काँक्रीट, असतं, गाळप संपलं की दरवर्षी त्याची दुरुस्ती निघते. सिमेंटच्या भट्ट्या, तोरणगल्लूचा पोलाद कारखाना, सगळीकडं रिफ्रॅक्टरीची, म्हणजे असलं उष्णता सोसणारं अस्तर घालणारी, माणसं लागतात. आणि खानापूरच्या मातीतल्या माणसाला यात कमीपणा कसला? कौलं आणि विटांवर आपला तालुका उभा राहिला. माती भाजून टिकाऊ करणं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

कन्नडचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. बोलता येत असेलच. वाचायलाही शिकू दे. सुरक्षेचे फलक, सरकारी कागद कन्नडमध्ये असतात, आणि उद्या सुपरवायझर झाला तर हाताखाली कन्नड, हिंदी, मराठी तिन्ही बोलणारे असतील.

लग्नाचं म्हणाल तर अजून तो २१ चा आहे.

येत्या रविवारी तो घरी असेल तेव्हा जेवण झाल्यावर शांतपणे त्याच्याशी बसा. वरचे सगळे प्रश्न विचारा, आणि आणखी दोन विचारा: तू भट्टीत उतरतोस तेव्हा वर तुझ्यावर लक्ष ठेवायला कोण उभं असतं? विजेचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलेलं असतं का, आणि किल्ली कोणाकडं असते? या दोन उत्तरांचं मला पत्र लिहा. "कोणी नसतं" असं उत्तर आलं तर पत्राचीही वाट बघू नका, सोमवारी त्याला कामावर पाठवू नका.