वाचकांचे प्रश्न : लाल देवळातली कबर

प्रश्न : ससून रुग्णालयाचे देणगीदार डेव्हिड ससून पुण्यातच दफन आहेत का? आणि लाल देवळासारख्या जुन्या वीटकामाच्या दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरल्या तर बिघडते काय?

उत्तर : हो, पुण्यातच. बगदादहून मुंबईत आलेले हे व्यापारी १८६४ साली पुण्यात वारले. लष्कर भागातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या, म्हणजे आपल्या लाल देवळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. सिनेगॉगचे काम त्यांच्याच पैशातून १८६३ला सुरू झाले. ते १८६७ला पुरे झालेले मात्र त्यांना पाहता आले नाही. आत जायचे तर परवानगी आधी काढा, शनिवार टाळा, डोके झाका. ज्यू रिवाजात कबरीवर फुलांऐवजी छोटा खडा ठेवतात.

आता दरजांचे. बिघडते, आणि तेही विटेचे! सिमेंट विटेपेक्षा कठीण. मुरलेला ओलावा दरजेतून निघू शकत नाही, मग तो विटेतून निघतो. क्षार पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. दरज रुंदीच्या दुप्पट खोल, छिन्नीनेच खोरा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. भरायला १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू घ्या. भरण्याआधी दरज भिजवा, नंतर आठवडाभर ओले गोणपाट ठेवा. चुना घाईने वाळला की भुकटी होतो, म्हणून हे काम भर उन्हाळ्यात काढू नये.