'मंजुरी' ही एक ओळ नसते

जुन्या रजिस्टरांमधल्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या आहेत, यादीत शंभरावर कामं आहेत, त्यातली निम्मी '९०% पूर्ण' दिसतात आणि तरी 'कधी संपणार?' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. मी यातून गेले आहे.

कुठलं टूल वापरावं यावर मी काही बोलत नाही, एक्सेल पुरतं. तुमच्या यादीत 'डेटा साफ करणे', 'समन्वय', 'पाठपुरावा' अशी कामं आहेत. ती कधी संपतच नाहीत, ९०% वर येऊन बसतात. त्याऐवजी हातात काय पडणार ते लिहा: 'एका रजिस्टरच्या सगळ्या नोंदी, दुसऱ्या माणसाने मूळ पानाशी ताडून पाहिलेल्या.' हे झालेलं असतं किंवा नसतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६८ मध्ये मोठ्या कामाच्या विभागणीचं मानक काढलं, तेही मुख्यतः तयार होणाऱ्या वस्तूवर बेतलेलं होतं: आधी विमान, मग त्याचा सांगाडा, इंजिन. कामाचा एक तुकडा ८ ते ८० तासांचा असावा असा एक प्रचलित नियम आहे. माझ्या मते छोट्या टीमला ८० तास फार होतात. दोन-तीन दिवसांत तपासता येईल एवढाच ठेवा.

पण आम्हाला सगळ्यात महागात पडली ती मंजुरी. एका मोठ्या कार्यालयासाठी प्रशिक्षण पुस्तिका करत होतो. आराखडा त्यांचाच. प्रत्येक प्रकरणाखाली 'मंजुरी' अशी एकच ओळ आणि पुढे मुदत एक दिवस. मसुदा नेमका कोणाकोणाकडे फिरतो, हे विचारूनही कोणी सांगितलं नाही. एका टेबलावरून शेरा आला, तक्ता प्रकरणाच्या शेवटी न्या. नेला. पुढच्या टेबलावरून तोच तक्ता 'मूळ जागी घ्यावा' म्हणून परत आला. दोन्ही सह्या एकाच पानावर, एकाखाली एक! विचारायला गेलं की साहेब रजेवर. आमचं लिखाण कधीच संपलं होतं, पण उशीर आमच्या नावावर लागला आणि जीव तोडून काम केलेल्या मुलांना त्यावरून बोलणी खावी लागली. त्याचा मला आजही राग येतो.

म्हणून मंजुरीचे तुकडे पाडाच. मसुदा पोचला, सगळे शेरे एकाच माणसाकडून एकत्र मिळाले, दुरुस्त प्रत गेली, सही झाली. प्रत्येकापुढे माणसाचं नाव हवं, खात्याचं चालणार नाही. कामाचे तास आणि वाट पाहण्याचे दिवस वेगळ्या रकान्यांत ठेवा, कारण सहीला दोन मिनिटं लागतात आणि फाईल टेबलावर दोन आठवडे पडून असते. हे दिवस अंदाजाने भरू नका. मागची तशीच फाईल त्यांच्याकडून किती दिवसांनी परत आली ते शोधा. आपण स्वतःच्या कामाचा वेळ कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलंय. जुनी नोंद समोर ठेवणं हाच त्यावरचा त्यांचा उपाय.

तुमच्या बाबतीत मला एक जागा धोक्याची वाटते. एकाच व्यक्तीच्या नोंदी दोन रजिस्टरांत वेगळ्या निघाल्या तर कुठली धरायची, हे कोण ठरवणार? यादीत ते कुठेच नाही. आधी तेच टाका, नावासकट.

अर्थात माझा सगळा अनुभव कागदपत्रांच्या कामाचा आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं, तेव्हा त्यांच्याशी बोलून घ्या. शेवटच्या टप्प्यातली कामंही आत्ताच बारीक फोडत बसू नका, ती बदलणारच. एक मध्यम जाडीचं रजिस्टर घ्या आणि स्कॅनपासून शेवटच्या सहीपर्यंत पूर्ण करा. त्याला लागलेले दिवस तारखांसकट वरिष्ठांपुढे ठेवा. तोवर कुठलीही अंतिम तारीख कबूल करू नका.