मास्टर-स्लेव्ह बदलायचं की राहू द्यायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. खानापूरची एक मुलगी टीममध्ये नवीन आलीय, ती म्हणाली डेटाबेसच्या कामातले मास्टर-स्लेव्ह (मूळ डेटाबेस आणि त्याची नक्कल, शब्दशः मालक आणि गुलाम), ब्लॅकलिस्ट (बंदी घातलेल्यांची यादी) हे शब्द काढूया, आणि तेव्हापासून रोज वाद. सिनियर म्हणतात हे अमेरिकेतलं भांडण, आपल्याला काय त्याचं, चालू सिस्टीमला हात लावू नका. काय करावं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: बदला. अमेरिकेतलं भांडण म्हणता, पण जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं होतं, त्यांना ते दुःख परकं वाटलं नाही मग आपल्याला का वाटावं? आणि नावाने काय फरक पडतो हे बेळगावच्या माणसाने तरी म्हणू नये, २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बदललं त्यावर आपल्याकडे अजून बोलणं होतंच की.

सिनियरची भीती मात्र खरी आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसचंच बघा, नक्कल मूळापेक्षा किती सेकंद मागे आहे हे बघायला तुमची मॉनिटरिंगची स्क्रिप्ट 'सेकंड्स बिहाइंड मास्टर' शोधत असणार आणि नव्या कमांडमध्ये ते 'सेकंड्स बिहाइंड सोर्स' झालंय, म्हणजे स्क्रिप्टला काहीच सापडत नाही, ती घाईत लिहिलेली असेल तर अलर्टही येत नाही, रेप्लिका, म्हणजे ती नक्कल, तासभर मागे पडलेली आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार. पण म्हणून हात न लावता सुटका आहे का, तर नाही, मायएसक्यूएलच्या २०२४ च्या ८.४ आवृत्तीत 'शो स्लेव्ह स्टेटस' ही जुनी कमांड काढूनच टाकलीय, अपग्रेड केलं की गाठ पडणारच.

वेबसाइट बनवायच्या जँगोने २०१४ मध्ये शब्द बदलले, पायथन या प्रोग्रामिंग भाषेने २०१८ मध्ये, आणि कोड ठेवायच्या गिटहबवर २०२० च्या ऑक्टोबरपासून नवीन रिपॉझिटरीतली (कोडच्या साठ्यातली) मुख्य ब्रँच, म्हणजे शाखा, 'मास्टर'ऐवजी आपोआप 'मेन' नावाने सुरू होते. मला सगळ्यात पटतो तो लिनक्स कर्नलवाल्यांचा (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिणाऱ्यांचा) २०२० चा नियम: नवीन कोडमध्ये हे शब्द नकोत, पण जे बदलल्याने लोकांचे चालू प्रोग्राम मोडतील ते राहू दे. तुम्हीही तसंच करा, नवीन कोडमध्ये आजपासून प्रायमरी-रेप्लिका, ब्लॉकलिस्ट, आणि जुनं अपग्रेडच्या वेळी, आधी टेस्ट सर्व्हरवर. ब्रँचचं नाव बदलाल तर डिप्लॉयच्या, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवायच्या, स्क्रिप्टमध्ये 'मास्टर' कुठे लिहून ठेवलंय ते आधी बघा, नाहीतर कोड मर्ज होतो आणि सर्व्हरवर जातच नाही.

आणि हे सगळं त्या मुलीवर एकटीवर टाकू नका हं. सिनियरना बरोबर बसवा, जुन्या स्क्रिप्ट कुठे कुठे पडल्यात ते त्यांनाच ठाऊक असणार.