विणलेला स्वेटर बायकांच्या फॅशनमध्ये कधी आणि कसा आला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्वेटर ही मुळात थंडीची गरज, मग तो बायकांच्या फॅशनमध्ये शिरला कधी? आणि त्याचं श्रेय फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलला देतात ते बरोबर आहे का? दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: अर्धंच बरोबर आहे.

मी बरीच वर्षं सुयांवर विणते, त्यामुळे टाक्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला राहवणार नाही. मराठीत आपण कापड विणतो, स्वेटर विणतो आणि बाजही विणतो. शब्द एकच, म्हणून त्यातला मोठा फरक झाकला जातो. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे ताणून बसवलेले असतात. ते अंगाबरोबर बसवायचं तर कापा, चुण्या घाला, शिवा, पाठीवर हुकांची रांग लावा. सुयांवरचं विणकाम म्हणजे एकात एक अडकवलेले फास. ओढलं की फास रुंदावतो, सोडलं की मिटतो. शिवाय आकार विणता विणताच येतो. मुंड्याशी टाके घटवायचे, बाहीला वाढवायचे, कात्रीचं काम नाही.

या गुणाची गरज आधी कोणाला पडली? ज्यांना हातपाय हलवावे लागत त्यांना. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी आणि जर्सी या बेटांची नावं आजही विणलेल्या कपड्यांना चिकटून आहेत ती तिथल्या विणकामामुळे. गर्न्सी तर कोळ्यांचा आणि खलाशांचा अंगातला कपडा. ‘स्वेटर’ या शब्दातच घाम आहे. खेळाडूंनी सराव करताना भरपूर घाम यावा म्हणून घालायचा तो जाड लोकरी कपडा. म्हणजे एकोणिसाव्या शतकात ही वस्तू पुरुषांची आणि अंगमेहनतीची होती. बायकांच्या वाट्याला विणलेलं यायचं ते मुख्यतः मोजे आणि आतले कपडे. वर मिरवायची ती वस्तूच नव्हती.

पहिली फट पडली ती १८८० च्या आसपास. लिली लँग्ट्री ही त्या काळची गाजलेली सुंदरी जर्सी बेटावरची. तिने अंगाला घट्ट बसणारी विणलेली जर्सी घातली आणि इंग्लंडमध्ये तिची लाटच आली. गंमत अशी की आत कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारा ताठ कपडा, तसाच होता. ताणला जाणारा कपडा न ताणल्या जाणाऱ्या पिंजऱ्यावर चढवलेला! १८९० च्या दशकात सायकल आली आणि बायकांनी पुरुषांचा स्वेटर सरळ उचलला. पण तेव्हाची खांद्याशी फुगलेली आणि कोपराखाली घट्ट बाही काही सोडवेना, म्हणून स्वेटरलाही तशाच बाह्या विणल्या. त्या फुग्याला किती टाके लागले असतील, या विचारानेच माझी बोटं दुखतात.

म्हणजे शनेलच्या आधी हे सगळं होऊन गेलं होतं. तिने वेगळं काय केलं? १९१३ मध्ये तिने फ्रान्समधल्या दोव्हील या समुद्रकाठच्या गावी दुकान काढलं आणि खलाशांच्या, घोडेस्वारांच्या कपड्यांवरून बेतलेले सैल कपडे पैसेवाल्या बायकांना विकले. पहिल्या महायुद्धात कापडाची टंचाई होती. तेव्हा तिने रोदिये या गिरणीकडून यंत्रावर विणलेलं जर्सीचं कापड घेतलं. ते तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जायचं. तिने त्याचे बाहेर घालायचे कपडे केले आणि त्यांना भारी किंमत लावली. डोक्यातून स्वेटर काढताना केस विस्कटतात म्हणून तिने तो समोरून कापला, अशीही गोष्ट सांगतात. माझ्या मते शनेलचं खरं श्रेय स्वेटर शोधण्याचं नाही, त्याची पत बदलण्याचं आहे.

मला विचाराल तर खरी उडी १९२७ ची, एल्सा स्कियापारेल्ली या इटालियन डिझायनरची. पॅरिसमध्ये तिने एका ओळखीच्या बाईच्या अंगात साधाच स्वेटर पाहिला. तो इतरांसारखा लोंबत नव्हता, आकार धरून होता. कोणी विणला याची चौकशी करत ती आरूसियाग मिकाएलियान या आर्मेनियन विणकरणीपर्यंत पोचली. ही विणकरीण विणताना मागून दुसऱ्या रंगाचा धागा नेई आणि थोड्या थोड्या टाक्यांवर तो पुढच्या धाग्यात अडकवी. त्यामुळे वीण दुहेरी होते, कमी ताणली जाते, आणि काळ्यावर मधूनमधून पांढरे ठिपके डोकावतात. स्कियापारेल्लीने तिला लहान मुलाने काढावा तसा मोठा पांढरा बो काढून दिला. तो गळ्याशी बांधलेला वाटला पाहिजे, पण असावा विणलेलाच. पहिला स्वेटर फसला, दुसरा बरा झाला, तिसरा जमला. तो घालून ती एका जेवणाला गेली आणि तिथेच एका अमेरिकन खरेदीदाराने चाळीस स्वेटर मागितले, सोबत चाळीस स्कर्टही. आज त्यातला एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. फोटो मोठा करून बघा, बोच्या कडा किंचित दातेरी दिसतात, कारण टाक्यांनी तिरपी रेघ काढायची तर पायऱ्या पडणारच. इतका जुना फोटो पाहूनही मी अजून टाके मोजत बसते.

त्यानंतरचा काळ भराभर सांगते. तीसच्या दशकात स्कॉटलंडच्या प्रिंगल या कंपनीने आत आखूड बाह्यांचा आणि वर बटणांचा असा जोडस्वेटर, म्हणजे ट्विनसेट, लोकप्रिय केला. १९३७ च्या एका चित्रपटात हॉलिवूडची नटी लाना टर्नर घट्ट स्वेटरमध्ये चालत गेली आणि ‘स्वेटर गर्ल’ हा शब्द रूढ झाला. घाम गाळायचा कपडा आता नजरा खेचायला लागला. चाळीसच्या दशकात इंधनाची टंचाई होती, घरं थंडगार पडायची. तेव्हा मेनबोशे या अमेरिकन डिझायनरने मणी लावलेले काश्मिरी लोकरीचे कार्डिगन, म्हणजे समोरून उघडणारे स्वेटर, रात्रीच्या पोशाखावर घालायला दिले. ही युक्ती मला फार आवडते.

इकडे ब्रिटनमध्ये युद्धामुळे १९४१ पासून कपडे रेशनवर, कूपनं देऊन मिळू लागले. बायका जुने स्वेटर उसवून नवे विणू लागल्या. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तिची लडी करून धुवायची आणि वजन टांगून वाळवायची, म्हणजे ती सरळ होते. मागावरच्या कापडाचा धागा असा सलग परत मिळत नाही. फॅशनच्या इतिहासात या बायकांची नावं येत नाहीत, पण चाळीसच्या दशकातले रंगीत पट्ट्यांचे स्वेटर त्यांच्याच काटकसरीतून आलेत. स्वीडनमध्ये १९३९ साली एमा याकोब्सॉन यांनी बोहूस हा उद्योग काढला तोही बेकार पाथरवटांच्या बायकांना काम मिळावं म्हणून. गळ्याभोवती मऊ रंग एकमेकांत विरघळणारी ती गोल नक्षी आजही विणणाऱ्यांना वेड लावते.

जाता जाता: आयर्लंडच्या अरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असे आणि बुडालेल्या कोळ्याचं प्रेत त्यावरून ओळखत, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते विसरा. याचं मूळ आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या १९०४ च्या एका नाटकात आहे. तिथे बहीण भावाला ओळखते, पण स्वेटरवरून नाही, मोज्यावरून. साठ टाके घातले होते आणि चार गळले होते, हे तिला आठवत असतं, कारण मोजा तिनेच विणलेला असतो. मला तर ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त पटते. स्वतःच्या हातचा गळलेला टाका कोणी विसरत नाही.

साठच्या दशकात पुन्हा वळण आलं. पुढे फ्रेंच डिझायनर म्हणून गाजलेली सोनिया रिकील गरोदर होती, मनासारखा स्वेटर कुठे मिळेना. तिने नवऱ्याच्या दुकानाला माल देणाऱ्या इटालियन कारागिराकडून करून घ्यायचं ठरवलं आणि नमुना सात वेळा परत पाठवला म्हणतात. शेवटी आला तो आखूड, अंगालगतचा, मुंडे वर चढलेले, पाहिला तर भावाचा आटलेला स्वेटर वाटावा असा. १९६३ मध्ये तो ‘एल’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. पुढे तिने शिवणी मुद्दाम बाहेर आणल्या. मिस्सोनी या इटालियन डिझायनर जोडप्याने १९६७ मध्ये फ्लॉरेन्सला आपले झिरझिरीत विणलेले कपडे मांडले. आतली ब्रा वरून दिसू नये म्हणून मॉडेल्सना ती काढायला सांगितली, तर दिव्यांच्या उजेडात सगळंच दिसलं आणि गदारोळ झाला.

आणि १९८२ मध्ये जपानी डिझायनर रेई कावाकुबो. तिने विणकामाच्या यंत्राचे स्क्रू ढिले करायला लावले आणि जागोजागी भोकं पडलेला काळा स्वेटर पॅरिसमध्ये दाखवला. आम्ही ज्याला टाका गळणं म्हणतो, क्रोशाची सुई घेऊन धावत जाऊन उचलतो, त्याचीच तिने नक्षी केली. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा माझा हात आपोआप सुईकडे गेला होता.

शेवटी ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाचा स्वेटर. लाल लोकरीवर पांढऱ्या मेंढ्यांच्या रांगा आणि त्यात एकच काळी मेंढी. १९८१ मध्ये तिने तो पोलोच्या सामन्याला घातला. नंतर मनगटाचा काठ बिघडला, म्हणून राजवाड्यातून पत्र आलं की दुरुस्त करा किंवा बदलून द्या. तो विकणाऱ्या दोघींनी नवा विणून दिला आणि जुना अडगळीत ठेवून विसरल्या. तो २०२३ मध्ये सापडला, लिलावात गेला आणि ११ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला, बिघडलेल्या काठासकट. खरं तर तो काठ उसवून टाके उचलायचे आणि पुन्हा विणायचा, हे एका संध्याकाळचं काम.